हीरोची जुनी एक्सपल्स २०० फोर-व्ही घेऊन सतरा इंची सुपरमोटो (बांधा मोटोक्रॉसचा, टायर रोडचे) करायची आहे. काय तपासू, काय बदलू?

मुठेकाठचा

पुण्यात एक २०२२ ची एक्सपल्स २०० फोर-व्ही बघितली आहे. २४ हजार किमी, एकच मालक, एमएच-१२ पासिंग. पुढे २१ आणि मागे १८ इंची आऱ्यांची चाकं काढून दोन्हीकडे १७ इंची चाकं आणि रोडचे टायर टाकायचे आहेत. वापर रोजचा ऑफिसचा रस्ता आणि रविवारी ताम्हिणी, पानशेतकडे. ट्रेलवर नेणार नाही.

१. जुनी गाडी घेताना या मॉडेलमध्ये नेमकं काय बघू?
२. एक्सपल्स २००-टी ची अलॉय चाकं बसवू की १७ च्या रिममध्ये आरे भरून घेऊ?
३. टायरचं माप काय ठेवू? गिअरिंग, ब्रेक, स्पीडोमीटर यांचं काय होतं?
४. आरटीओचा त्रास किती?

"मजा येते भावा, बिनधास्त कर" असली उत्तरं बरीच मिळाली आहेत. आकडे देणारं कोणी असेल तर बरं.

आऱ्यांचा_हिशोब

आधी जुन्या गाडीचं बोलू. ट्रेलवर नेलेली गाडी धुऊन-पुसून आणली तरी तीन ठिकाणी सापडते.

पहिलं, खालची बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाला दगडांपासून वाचवणारा पत्रा. ती सोडायला लावा. बाहेरून काळा रंग मारलेला असतो, पण आतून चेपलेली दिसते आणि ऑइलच्या ड्रेन बोल्टचं डोकं घासलेलं असतं. बोल्टभोवती लाल-काळं सीलंट फासलेलं दिसलं, तर आटे गेलेत असं समजा.

दुसरं, कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. जॅक इंजिनखाली घेऊन पुढचं चाक उचला. हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. बरोबर मधोमध किंचित अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट खाल्लेला आहे. नंतर फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा, खट् आवाज येता कामा नये. हे आताच बघून घ्या, कारण १७ इंची चाक लागल्यावर हँडल हलकं होतं आणि तो दोष दसपट जाणवतो.

तिसरं, हँडलच्या लॉकचे थांबे. चासीवर हेडजवळ जे दोन उंचवटे असतात, ते एका बाजूला चेपलेले किंवा तिथला रंग उडालेला असेल, तर गाडी जोरात पडलेली आहे. अशा गाडीचा फोर्क सरळ आहे का हे बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. सोपी पद्धत: धुळीची टोपी वर करून फोर्कच्या नळीवर उभी स्टीलची पट्टी लावा, चारही बाजूंनी. उजेड दिसला तर नळी वाकलेली आहे. त्याच वेळी ऑइल सीलच्या वर तेलाचा गोल डाग आणि नळीवर गंजाचे बारीक खड्डे आहेत का तेही बघा. खड्डे असतील तर नवं सील टिकत नाही.

चेन सेट, ब्रेक पॅड, टायर संपलेले असले तर त्याचं दुःख करू नका. यातलं बरंचसं तुम्ही तसंही बदलणार आहात. उलट भाव पाडायला उपयोग होतो. इंजिन मात्र थंड असताना सुरू करून बघा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

कागदपत्रवाला

वरच्यात कागदांची भर. चासी नंबर हेडवर कोरलेला असतो, तो स्वतः वाचा आणि वाहन पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून बघा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. थकलेली ई-चलनं विक्रेत्याकडूनच भरून घ्या, नंतर ती तुमच्या गळ्यात पडतात. विम्याचं नावही १४ दिवसांत बदलायला टाका. आरसी बदलली की विमा आपोआप बदलतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो थर्ड पार्टीपुरता चालून जातो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला चालत नाही.

एक छोटी खूण: एक्सपल्स बाजारात आली मे २०१९ मध्ये, आणि नव्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) सक्तीची झाली १ एप्रिल २०१९ पासून. म्हणजे या मॉडेलला कारखान्याकडूनच ती पाटी यायला हवी. साधी पाटी दिसली तर मूळची कुठे गेली हे विचारा.

आऱ्यांचा_हिशोब

आता चाकं. माझं मत अलॉय. आऱ्यांची चाकं दिसायला देखणी, पण तुमच्या वापराला त्यातली मेहनत परवडत नाही.

२००-टी ची अलॉय १७ इंची असतात, त्यावर मूळ टायर १००/८०–१७ आणि १३०/७०–१७. पुढची डिस्क दोन्ही गाड्यांना २७६ मिमीची. विकत घेण्याआधी व्हर्नियर घेऊन जा आणि चार गोष्टी मोजा: एक्सलचा व्यास, दोन्ही बाजूंच्या स्पेसरची लांबी, डिस्क बसते त्या तोंडापासून हबच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि एबीएसच्या टोन रिंगचे (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सरला वेग कळवणारी दातेरी कडी) दात. शेवटचं लोक विसरतात. दातांची संख्या वेगळी निघाली तर एबीएसला चाकाचा वेग चुकीचा कळतो. शंका असेल तर तुमच्या जुन्या चाकाची रिंग काढून नव्यावर लावा आणि सेन्सर व रिंगमधली फट जुन्या गाडीवर होती तेवढीच ठेवा.

वापरलेली अलॉय नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात मिळतात. चाक एक्सलवर घालून फिरवा आणि कडेला एक खिळा स्थिर धरा. कड आत-बाहेर एक मिलिमीटरपेक्षा जास्त नाचत असेल तर सोडून द्या. हातोडीने सरळ केलेली अलॉय घेऊ नका. जिथे चेप काढलेला असतो तिथेच पुढच्या खड्ड्यात तडा जातो. बिल मागा, चोरीची चाकं फिरत असतात.

तरीही आरेच हवे असतील, तर हे लक्षात ठेवा. २१ वरून १७ वर आलात की रिमची त्रिज्या साधारण ५० मिमीने कमी होते, म्हणजे जुने आरे तेवढे लांब पडतात. काही जण ते कापून पुन्हा आटे पाडून देतात. ते करू नका. कारखान्यात आटे दाबून पाडलेले असतात, लेथवर कापून पाडलेले आटे मुळाशी तुटतात. शिवाय हब तोच आणि रिम लहान, त्यामुळे आरा निपलपाशी (आरा रिमला धरणारा छोटा नट) जास्त तिरपा येतो. रिमची भोकं त्या कोनात पाडलेली नसतील तर निपलच्या मानेवर ताण येऊन ती उडते. हबची भोकं मोजा, तेवढ्याच भोकांची रिम घ्या आणि आरे मापाने नवे बनवून घ्या. जुनं चाक सोडण्याआधी रिमची कड आणि डिस्कचं तोंड यातलं अंतर वहीत लिहून ठेवा. रिम मधोमध कुठे बसते हे नंतर कोणालाच आठवत नाही, आणि मग गाडी एका बाजूला ओढते. रुंदी पुढे २.५०, मागे ३.५०, मागे ३.०० पेक्षा कमी नको, नाहीतर १३०चा टायर चिमटून गोल होतो. आऱ्याचं टोक निपलच्या बाहेर आलं असेल तर घासून काढा आणि वर रबरी पट्टी घाला, नाहीतर ट्यूब रोज पंक्चर. दोन-तीनशे किमीनंतर सगळे आरे परत एकदा वाजवून बघा. बसक्या आवाजाचा आरा सैल असतो.

भूमिती_आठवी_ब

टायरच्या मापावरून पुढचं सगळं ठरतं, म्हणून गणित मांडतो. टायरचा व्यास = रिम इंचात × २५.४ + दोनदा टायरची उंची.

पुढे मूळ ९०/९०–२१: ५३३.४ + १६२ = ६९५ मिमी. नवा १००/८०–१७: ४३१.८ + १६० = ५९२ मिमी. मागे मूळ १२०/८०–१८: ६४९ मिमी. नवा १३०/७०–१७: ६१४ मिमी.

म्हणजे पुढचा एक्सल ५२ मिमी खाली येतो आणि मागचा फक्त १८. पुढचा भाग मागच्यापेक्षा ३४ मिमी जास्त बसला. व्हीलबेस १४१० धरला तर गाडी पुढे जवळपास १.४ अंशाने वाकली. यातून काय काय होतं ते बघा.

हँडलचा ट्रेल घटतो, म्हणजे हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. मूळ रेक (हँडलच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा तिरपेपणा) २७ अंशांच्या आसपास धरला तर ट्रेल सुमारे ३५ मिमीने कमी होतो. यातला मोठा वाटा लहान चाकाचा, उरलेला वाकण्याचा. म्हणून गाडी वळणात पटकन पडते, मजा वाटते, पण एक्सप्रेस-वेसारख्या वेगात हँडल चुळबुळ करतं. कारखान्यातून येणाऱ्या सुपरमोटोत याची भरपाई ट्रिपल क्लॅम्पचा (फोर्क धरणारा जोड) ऑफसेट, म्हणजे फोर्क हँडलच्या दांड्यापासून किती पुढे ते, बदलून केलेली असते. आपल्याकडे तो क्लॅम्प मिळत नाही. त्यामुळे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवून पुढची बाजू आणखी खाली घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि व्हिडिओत बघून नेमकं तेच केलं जातं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला तरी तेच होतं. तो उलट एक-दोन खाच कमी करून बघा.

११०/७०–१७ रुंद दिसतो म्हणून पुढे टाकतात. त्याचा व्यास ५८६, म्हणजे एक्सल अजून ३ मिमी खाली, आणि अलॉयच्या रिमला तो तसाही रुंद पडतो. १००/८० च ठेवा. मागे १४० घातला तर चेन आणि चिमट्याला (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) घासतो का ते बघावं लागतं. २०० सीसीच्या गाडीला १३० पुरेसा आहे, १४० ने फक्त वळायला जड होते.

स्पीडोमीटर: मेनस्टँड नसल्याने गाडी जॅकवर घ्या, चावी चालू करा आणि पुढचं चाक हाताने फिरवा. पडद्यावरचा आकडा हलला तर वेग पुढून घेतला जातोय. मग तो साडेसतरा टक्के जास्त दाखवेल, खरा ६० असताना ७०. मागून घेत असेल तर फरक सहा टक्क्यांच्या आत. ओडोमीटरही त्याच प्रमाणात पळतो, म्हणून ऑइल बदलायचा हिशोब दुरुस्त करून घ्या. पुढून वेग घेणाऱ्या गाडीवर दिसणारे १०,००० म्हणजे खरे साडेआठ हजार.

हेडलाइट विसरू नका. १.४ अंश म्हणजे दहा मीटरवर झोत २४ सेंटिमीटर खाली. रात्री ताम्हिणीत उतरताना पुढे अंधार दिसेल आणि दिव्याला दोष दिला जाईल.

लेथ_आणि_लिव्हर

भूमितीवाल्यांचं गणित बरोबर आहे, त्यातलाच एक फायदा सांगतो. पुढचं चाक लहान झालं की त्याच लिव्हरच्या दाबाला रस्त्यावर साडेसतरा टक्के जास्त ब्रेक लागतो. ६९५ भागिले ५९२. म्हणून मोठी डिस्क, रेडियल कॅलिपर या खर्चात पडू नका. नवं डॉट ४ ऑइल, चांगले पॅड आणि जमलं तर स्टीलच्या जाळीची ब्रेक होज एवढं पुरे. २०२२ च्या गाडीला एबीएस फक्त पुढे. मागचं चाक लॉक होऊ शकतं हे लक्षात असू द्या.

ब्रेक वाढला की फोर्क बसतो. १९० मिमीचा प्रवास, मऊ स्प्रिंग, वर चिकटणारे रोडचे टायर. वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक मारला की पुढचा भाग आणखी शंभरेक मिमी खाली जातो आणि वर सांगितलेला रेक अजून उभा होतो. उपाय म्हणून सगळे घट्ट तेल घालतात. घट्ट तेलाने फोर्क *सावकाश* बसतो, *कमी* बसत नाही. कमी बसायला स्प्रिंग किंवा आतली हवा लागते. आधी तेलाची पातळी मूळपेक्षा १० मिमीने वाढवा. २० च्या वर नको, हवेला जागा कमी उरते आणि सील फुटतं. मग तुम्ही बसल्यावर फोर्क किती बसतो ते मोजा. नळीला प्लास्टिकची पट्टी बांधा आणि दोन माणसांना गाडी धरायला सांगा. पुढे ४५ ते ५५, मागे ५० मिमीच्या आसपास हवा. पुढे जास्त बसत असेल तर स्प्रिंगवर १० मिमीचा स्पेसर. तेवढ्याने नाही भागलं तरच कडक स्प्रिंग शोधा.

साइड स्टँड: गाडी मधोमध साधारण ३५ मिमी खाली आली की ती स्टँडवर जवळजवळ उभी राहते आणि वाऱ्याने उजवीकडे पडते. स्टँड कापून जोडावा लागतो. आधी २० मिमीच कापा, उभी करून बघा, मग हवं तर अजून. वेल्डिंगच्या आधी स्टँडच्या स्विचची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडा.

गिअरिंगला हात लावायची घाई नको. मागचा टायर साडेपाच टक्के लहान झाल्यामुळे गाडी आपोआप तेवढी खालच्या गिअरिंगची झाली. घाटात ते बरंच वाटतं. हायवेवर इंजिन फार ओरडतं असं वाटलं, तर मागच्या स्प्रॉकेटचे दोन दात कमी करा. ४० असतील तर ३८, म्हणजे जवळपास मूळच्या जागी.

मुठेकाठचा

हे सोन्यासारखं आहे. दोन शंका. फोर-व्ही प्रो घेतली तर जास्त बरं का? आणि रॅली किट लावलेली एक गाडीही विकायला आहे, ती?

आऱ्यांचा_हिशोब

रॅली किट उलट दिशेला जातं. त्यात सस्पेन्शनचा प्रवास वाढतो, पुढे २५० आणि मागे २२० मिमी. शहरात रोज चालवायला ती उंची कशाला? प्रोचा प्रवास तेवढाच आणि सीट ८९१ मिमी, पण तिचं सस्पेन्शन पूर्ण अ‍ॅडजस्ट होतं, त्यामुळे फोर्क कडक करायला तेलाचे खेळ करावे लागत नाहीत. उंची चालत असेल आणि किमतीचा फरक झेपत असेल तर प्रो घ्या. तुम्ही साडेपाच फुटी असाल तर साधी फोर-व्ही. तिची सीट मूळ ८२३, बदलानंतर ७९० च्या आसपास येईल.

कागदपत्रवाला

चौथ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मीच वाईट बातमी देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मंजूर करून घेतलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच म्हटलं. कलम १८२-अ च्या पोटकलम ४ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आरसीवर टायरचं माप लिहिलेलंच नाही, मग काय" हा युक्तिवाद चौकात चालेल, अपघातानंतर विमा कंपनीसमोर चालणार नाही. न कळवलेल्या बदलावर ती हरकत घेऊ शकते.

म्हणून मूळ चाकं, मडगार्ड, स्टँड काहीही विकू नका. सगळं परत लावता येईल असंच काम करा, चासीला वेल्डिंग नको. स्टँड कापायचा तर दुसरा जुना आणून तो कापा. सायलेन्सर आणि नंबरप्लेट मूळच्याच ठेवा. नाक्यावर पहिली नजर आवाजावर जाते. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत.

भूमिती_आठवी_ब

कायद्याचं पटतं. पण मग हा सगळा धागा बेकायदा आहे असंच म्हणायचं ना?

कागदपत्रवाला

रस्त्यावर, हो. ट्रॅकवर नाही. त्याने ठरवायचं, मी दर सांगितला.

चढ_उतार

चालवण्याबद्दल कोणी बोललं नाही. सुपरमोटो हा प्रकारच मुळात मिश्र शर्यतीतून आला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादला टीव्हीसाठी डांबर, माती आणि उड्या एकत्र करून शर्यत भरवली, पुढे फ्रान्सने तो खेळ उचलून धरला. म्हणून बसण्याची पद्धत मोटोक्रॉसची आणि टायर रोडचे. वळणात स्पोर्ट्स बाइकसारखं शरीर आत टाकायचं नाही. टाकीला चिकटून पुढे बसा, बाहेरचा कोपर वर, गाडी खाली ढकला आणि स्वतः तिच्यावर ताठ राहा. वजन बाहेरच्या फूटपेगवर. असं बसलात तर चाक घसरलं तरी गाडी पायांखालून निसटत नाही, सावरायला वेळ मिळतो.

आतला पाय पुढे काढायचा तो मातीत आणि ट्रॅकवर. गुडघा वाकलेला, पंजा वर, फोर्कच्या रेषेत. घाटात पाय काढू नका. कॅट-आय किंवा रस्त्याच्या कडेचा दगड बोटं मोडतो, आणि पाय बाहेर असताना मागचा ब्रेक किंवा गिअर यापैकी एक हाताबाहेर जातं.

मागचं चाक आडवं सरकवत वळणात शिरणं या गाडीवर शिकायला अवघड आहे, कारण स्लिपर क्लच (गिअर खाली टाकल्यावर चाकाला बसणारा झटका कमी करणारा) नाही. गिअर धडाधड खाली टाकलेत तर चाक सरकत नाही, उड्या मारतं. क्लच दोन बोटांनी अर्धवट धरून सोडायला शिका, तेही कोल्हापूर किंवा इतर ठिकाणच्या गो-कार्ट ट्रॅकवर, जिथे दुचाकींना परवानगी आहे.

नवे टायर पहिले दीडशे किमी सावकाश, वरचा मेणचट थर जाईपर्यंत. हवा एकट्याला पुढे २६, मागे २९ पीएसआयपासून सुरू करा. पावसाळ्यात ताम्हिणीच्या झाडीखालच्या वळणांवर शेवाळ असतं, आणि उतारावर ट्रकचं डिझेल नेमकं वळणाच्या बाहेरच्या कडेला सांडलेलं असतं. 

मुठेकाठचा

शनिवारी व्हर्नियर, स्टीलची पट्टी आणि १० मिमीचा पाना घेऊन गाडी बघायला जातोय. बॅश प्लेट खोलून दाखवायला मालक तयार आहे. टोन रिंगचे दात मोजून इथेच टाकतो.

आऱ्यांचा_हिशोब

दात मोजताना एकावर खडूने खूण करा. नाहीतर तिसऱ्या फेरीतही आकडा वेगळाच येतो.